धातुशोधनात सापडलेल्या वस्तूंची नोंद कशी ठेवावी?

नांगरतास (सफोक, इंग्लंड)

नमस्कार मंडळी,

इंग्लंडच्या पूर्व भागातील सफोक काउंटीत राहायला आल्यापासून मला मेटल डिटेक्टर घेऊन शेते धुंडाळण्याचा छंद लागला आहे. दोन शेतकऱ्यांनी लेखी परवानगी दिली आहे आणि पीक निघाल्यापासून नवी पेरणी उगवून येईपर्यंतचे शनिवार-रविवार मी बहुतेक तिथेच घालवतो. गुंड्या, पट्ट्यांची बकले, शिशाच्या गोळ्या, झिजलेली तांब्याची नाणी आणि क्वचित एखादे हातघडणीचे चांदीचे नाणे अशा वस्तू आता बऱ्याच जमल्या आहेत. त्या आताच नीट लावल्या नाहीत, तर काही वर्षांनी कोणती वस्तू कोणत्या शेतातली हे मलाही सांगता येणार नाही.

इथल्या कायद्याची मला कल्पना आहे. १९९६ च्या ट्रेझर ॲक्टखाली जे ट्रेझर, म्हणजे कायद्याच्या व्याख्येत बसणारा जुना मौल्यवान ठेवा, ठरण्याची शक्यता आहे ते १४ दिवसांत कॉरोनरला, म्हणजे अशा चौकशा करणाऱ्या स्थानिक अधिकाऱ्याला, कळवावे लागते, आणि इतर जुन्या वस्तू पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम या लोकांना सापडलेल्या वस्तू नोंदवणाऱ्या योजनेच्या स्थानिक अधिकाऱ्याला स्वेच्छेने दाखवता येतात. या योजनेला पुढे पीएएस म्हणतो. माझा प्रश्न त्याच्या अलीकडचा आहे. माझी स्वतःची नोंद मी कशी ठेवावी? वही बरी की संगणकावरचा तक्ता? क्रमांक कसे द्यावेत? जागा किती बारकाईने लिहावी? वाकलेला खिळा आणि शिशाचा चुरगळलेला तुकडा यांनाही क्रमांक द्यायचा का? ज्यांचा या कामात हात बसला आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

खापरखुणा (यॉर्क)

प्रश्न योग्य वेळी विचारलात. मी उत्खननांवर काम करतो, त्यामुळे माझे मत कोणत्या बाजूला झुकणार हे उघड आहे, तरीही ते ठामपणे मांडतो. मातीतून निघालेल्या वस्तूचा धातू, वजन, ठसा आणि घडण या गोष्टी पन्नास वर्षांनीही तपासता येतात. ती नेमकी कुठे होती ही एकच गोष्ट तिच्या अंगावर लिहिलेली नसते, आणि तुम्ही खळगा बुजवून उठलात की ती माहिती कायमची जाते. म्हणून नोंद घरी टेबलावर सुरू होत नाही, ती खळग्याशी सुरू होते.

प्रत्यक्षात मी असे सुचवीन. घरून निघतानाच झिपच्या लहान पिशव्यांवर ओळीने क्रमांक घालून त्यांचा गठ्ठा सोबत घ्या. वस्तू निघाली की ती खिशात न टाकता थेट पुढच्या क्रमांकाच्या पिशवीत घाला, पिशवी खळग्याच्या काठावर ठेवा, शेजारी जीपीएसचा पडदा उघडा ठेवा आणि तिन्ही गोष्टी एकाच छायाचित्रात येतील असे एक चित्र काढा. याला अर्धा मिनिटही लागत नाही. दिवसाच्या शेवटी अंगात त्राण नसले तरी क्रमांक, जागा आणि वस्तू यांची सांगड त्या एका चित्रात पक्की झालेली असते. खोलीही लिहा. वस्तू नांगराने उलथलेल्या थरातली आहे की त्याखालच्या न हललेल्या मातीतली, हे तर आवर्जून लिहा. सिग्नल नांगरटीच्या खालून येत असेल तर तिथे हात थांबवून अधिकाऱ्याला बोलावणे हेच उत्तम, कारण तिथून पुढे तुम्ही काय काढता यापेक्षा ते कशात आणि कसे होते हे महत्त्वाचे ठरते.

जागेसाठी ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या नकाशे करणाऱ्या संस्थेचा राष्ट्रीय ग्रिड संदर्भ, म्हणजे नकाशावरच्या चौकोनांनुसार जागेचा आकडा, वापरा. दोन अक्षरांपुढे सहा अंक लिहिले तर १०० मीटरचा चौकोन ठरतो, आठ अंकांनी १० मीटरचा आणि दहा अंकांनी १ मीटरचा. उघड्या शेतात फोनचा अंदाज साधारण ३ ते ५ मीटर इकडेतिकडे असतो, झाडाखाली त्याहून जास्त. म्हणून फोनवरून घेतलेल्या जागेला आठ अंक प्रामाणिक वाटतात. दहा अंक लिहायचेच असतील तर शेजारच्या रकान्यात साधन कोणते आणि त्याची अचूकता किती हे लिहा. नाहीतर पुढे कोणी तो आकडा एक मीटरपर्यंत खरा मानेल. आणखी एक गोष्ट अशी की, फोन जे अक्षांश-रेखांश देतो ते जागतिक प्रणालीतले असतात आणि ब्रिटिश ग्रिड वेगळ्या आधारावर उभी आहे. योग्य रूपांतर न करता आकडे जुळवले तर जागा सुमारे १०० मीटर सरकते आणि शेतातली वस्तू पलीकडच्या रस्त्यावर जाऊन पडते. फोनने दिलेले मूळ आकडेही वेगळ्या रकान्यात जसेच्या तसे जपून ठेवा.

वायव्यवारा (बंगळुरू)

मी आयुष्यभर माहितीसाठ्यांचीच कामे केली आहेत, तेव्हा क्रमांकांबद्दल बोलतो.

बहुतेक लोक क्रमांकातच सगळे कोंबायला जातात: शेताचे आद्याक्षर, मग वर्ष, मग धातू, मग अनुक्रम. सुरुवातीला ते फार सुबक दिसते. पुढे तांब्याची म्हणून नोंदवलेली वस्तू चांदीचा मुलामा दिलेली निघते, किंवा शेतमालक दोन शेते एक करतो, आणि मग क्रमांकच खोटे बोलू लागतो. क्रमांक बदलावा तर पिशवी, छायाचित्र आणि वही तिन्हीकडे बदलावा लागतो, आणि कुठेतरी एक जागा राहून जाते. म्हणून क्रमांक साधा, चढता आणि निरर्थक असावा. १ पासून सुरू करावे आणि दिलेला क्रमांक पुन्हा कधीही दुसऱ्या वस्तूला देऊ नये. वस्तू हरवली, फेकली किंवा शेतमालकाला दिली तरी तिची ओळ तक्त्यात राहावी आणि त्या ओळीत तसे लिहावे.

तक्ता एकच न ठेवता तीन ठेवा. पहिल्यात शेते येतील: मालक, परवानगीची तारीख, पॅरिश (तिथला गावपातळीचा विभाग), हद्दीचा नकाशा. दुसऱ्यात फेऱ्या येतील: तारीख, कोणते शेत, त्यातला कोणता भाग, किती वेळ, कोणते यंत्र, जमीन ओली की कोरडी, नांगरलेली की धसकटे असलेली. तिसऱ्यात वस्तू येतील, आणि प्रत्येक वस्तूच्या ओळीत फेरीचा क्रमांक असेल. शेताचे नाव शंभर वेळा लिहावे लागणार नाही आणि शंभर तऱ्हांनी लिहिलेही जाणार नाही. छायाचित्राच्या फाइलचे नावही वस्तूच्या क्रमांकानेच सुरू व्हावे.

या छंदासाठी तयार ॲप मिळतात आणि शेतात ती सोयीची असतात, पण त्यांतली माहिती साध्या तक्त्याच्या स्वरूपात बाहेर काढता येते का हे आधी पाहा. येत नसेल तर ते ॲप वापरू नका.

शिवारफेरी (सातारा)

वायव्यवारा यांच्या निरर्थक क्रमांकाशी मी पूर्ण सहमत नाही. मी माती परीक्षणाचे नमुने वर्षानुवर्षे गोळा करतो. उन्हात उभे राहून पिशवी हातात घेतली की ती कोणत्या गटातली हे पिशवीवरूनच कळणे फार उपयोगाचे असते. नुसता ७४३ हा आकडा शेतात काहीच सांगत नाही.

वायव्यवारा (बंगळुरू)

शिवारफेरी, तुमची अडचण खरी आहे. पिशवीवर क्रमांकाखाली शेताचे नाव आणि तारीख जरूर लिहा, तो वाचणाऱ्याच्या सोयीचा मजकूर झाला. वस्तूची ओळख म्हणून मात्र फक्त आकडाच धरा. शेताचे नाव उद्या बदलले तरी ७४३ हा ७४३ च राहतो.

शिवारफेरी (सातारा)

हे पटले. मग भंगाराचे काय? मूळ लेखकाने खिळ्यांबद्दल विचारले होते. प्रत्येक खिळ्याला क्रमांक दिला तर माणूस नोंदीलाच कंटाळेल, आणि कंटाळलेल्या माणसाची नोंद अर्धवट राहते.

खापरखुणा (यॉर्क)

याला मी दोन उदाहरणांनी उत्तर देतो, कारण या प्रश्नावर इंग्लंडमधल्या गेल्या काही दशकांच्या कामाने फार स्पष्ट प्रकाश टाकला आहे.

लिंकनशायरमध्ये ट्रेंट नदीकाठी टॉर्क्सी नावाचे गाव आहे. व्हायकिंगांच्या मोठ्या सैन्याने इ.स. ८७२-७३ चा हिवाळा तिथे काढला असे अँग्लो-सॅक्सन बखरीत लिहिलेले होते, पण नेमका तळ कुठे होता हे जमिनीवर दिसत नव्हते. तो ठरला मुख्यतः धातुशोधकांनी वर्षानुवर्षे नोंदवलेल्या वस्तूंवरून. त्यांत चांदीचे तोडलेले तुकडे होते, दिरहम नावाची अरबी चांदीची नाणी होती, वजने होती, आणि शिशाच्या लहान पोकळ शंकूंसारख्या शेकडो वस्तू होत्या. त्या पटावर खेळायच्या सोंगट्या होत्या. हिवाळाभर एका जागी अडकलेले सैनिक वेळ घालवण्यासाठी खेळत होते हे आपल्याला त्या सोंगट्यांनी सांगितले. एखाद्या शोधकाने त्यांना शिशाचे भंगार समजून बांधावर फेकले असते तर त्या तळाचे चित्र अर्धेच राहिले असते.

दुसरे उदाहरण तुमच्याच सफोकमधले आहे. रेंडल्शम येथे रात्री चोरून डिटेक्टर चालवणाऱ्यांचा त्रास वाढल्यावर जमीनमालकाने काउंटीच्या पुरातत्त्व विभागाला सांगितले आणि २००८ पासून तिथे शिस्तीने पाहणी सुरू झाली. निवडक अनुभवी धातुशोधकांनी शेते पद्धतशीर चालून काढली आणि प्रत्येक वस्तूची जागा जीपीएसने नोंदवली. त्यात सोन्याचे दागिने थोडेच होते, धातुकामातली भंगाराची कात्रणे, वितळलेले थेंब आणि तुटके भाग पुष्कळ होते. त्या ठिपक्यांचा नकाशा तयार झाला तेव्हा सुमारे ५० हेक्टरांवर पसरलेली वस्ती दिसली. इ.स. ७३१ मध्ये पूर्ण झालेल्या बीड या ख्रिस्ती साधूच्या इतिहासात पूर्व अँग्लियाच्या राजांचे ठाणे म्हणून रेंडल्शमचा उल्लेख आहे, ते हेच. २०२२ मध्ये तिथे सुमारे २३ मीटर लांबीच्या लाकडी दरबारी इमारतीचा पायाही उत्खननात मिळाला. कुठे राजाचे घर आणि कुठे कारागिरांचा वाडा, हे ठरवण्यात त्या कात्रणांचा मोठा वाटा आहे.

शिवारफेरी यांची अडचण तरीही खरी आहे, म्हणून मध्यम मार्ग सांगतो. आकार ओळखता येतो अशा प्रत्येक वस्तूला स्वतंत्र क्रमांक द्यावा. आकार नसलेले शिसे, वितळलेले थेंब आणि खिळे यांच्यासाठी शेताचे २० मीटरचे चौकोन पाडून प्रत्येक चौकोनाची एकच पिशवी करावी, तिला एक क्रमांक द्यावा आणि आत किती नग व एकूण किती वजन हे लिहावे. शीतपेयाच्या डब्यांचे कान आणि बंदुकीच्या काडतुसांच्या टोप्या कचऱ्यातच जाऊ द्या.

आणि वायव्यवारा यांनी सुचवलेल्या फेऱ्यांच्या तक्त्यात ज्या दिवशी काहीच सापडले नाही तो दिवसही लिहा. उत्तरेच्या कोपऱ्यात तुमच्याकडे वीस ठिपके आहेत आणि दक्षिणेला एकही नाही, याचा अर्थ दक्षिणेला कोणी राहत नव्हते की तुम्ही तिकडे फिरकलाच नाहीत, हे फक्त फेऱ्यांच्या नोंदीवरून सांगता येते. माझ्या मते छंदी शोधकांच्या नोंदींत सर्वांत जास्त राहून जाणारी गोष्ट हीच आहे.

टाकसाळ (नाशिक)

धागा वाचून आनंद झाला. मी नाण्यांचा अभ्यासक आहे, डिटेक्टर कधी हातात धरलेला नाही, पण नोंदीचे मोल काय असते हे आमच्या नाशिकच्या मातीने दाखवले आहे.

१९०६ मध्ये नाशिकजवळ जोगलटेंभी येथे चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. त्यात १३ हजारांहून अधिक नाणी होती. ती सगळी क्षत्रप नहपानाची होती आणि त्यांपैकी ९ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. एक राजा दुसऱ्याचा पराभव करून त्याचेच चलन आपल्या नावाने पुन्हा फिरवतो आहे, हे एका साठ्यातून इतक्या मोठ्या प्रमाणावर दिसले. साठा फुटून सराफकट्ट्यावर मूठमूठ विकला गेला असता तर प्रत्येकाच्या हाती एक विचित्र नाणे राहिले असते, पण किती नाण्यांपैकी किती पुन्हा ठोकलेली होती हे प्रमाण कुणालाच सांगता आले नसते. रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी तो साठा तपासून त्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला, म्हणून आज आपण त्यावर बोलू शकतो. एकत्र सापडलेल्या वस्तू एकत्र होत्या ही माहिती स्वतंत्र रकान्यात लिहिली गेली पाहिजे, हे मला त्यावरून सांगायचे आहे.

नाण्यांच्या नोंदीबद्दल थोडे तपशील देतो. वजन ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या लहान काट्यावर घ्यावे. हे काटे फार महाग नसतात. व्यास मिलिमीटरमध्ये, नाणे वेडेवाकडे असेल तर सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी असे दोन्ही घ्यावेत. दर्शनी बाजू सरळ उभी धरून नाणे उभ्या अक्षाभोवती फिरवले की मागच्या चित्राचा माथा घड्याळाच्या कितव्या तासाकडे येतो ती दिशा लिहावी. लेख जसा दिसतो तसाच उतरवावा, झिजलेली अक्षरे आपल्या ज्ञानाने भरू नयेत, आणि अंदाज असेल तर तो शेजारच्या रकान्यात वेगळा मांडावा. दोन्ही बाजूंची छायाचित्रे एकाच कोनातून येणाऱ्या प्रकाशात, शेजारी मोजपट्टी ठेवून काढावीत.

खापरखुणा (यॉर्क)

टाकसाळ यांनी एकत्र सापडण्याबद्दल जे लिहिले त्याला इथे कायद्याचाही आधार आहे. ट्रेझर ॲक्टनुसार किमान ३०० वर्षे जुनी, १० टक्क्यांहून कमी नाही इतकी सोने-चांदी असलेली दोन किंवा अधिक नाणी एकाच साठ्यातली असतील तर ती ट्रेझर ठरतात. सुटे एकटे नाणे सहसा ठरत नाही. समजा नांगराने फुटलेल्या साठ्यातले एक नाणे तुम्हाला या हिवाळ्यात मिळाले आणि दुसरे पुढच्या वर्षी चार पावलांवर मिळाले. ती दोन्ही एकाच साठ्यातली असू शकतात हे तुमच्या लक्षात येण्याचा एकमेव मार्ग म्हणजे तुमची जागांची नोंद. शोधकाला सापडल्यापासून किंवा ती वस्तू ट्रेझर असू शकते हे कळल्यापासून १४ दिवस मिळतात, तेव्हा ते कधी कळले ती तारीखही लिहून ठेवावी.

टाकसाळ, जोगलटेंभीसारखीच दोन इंग्रजी उदाहरणे तुम्हाला आवडतील. सफोकमध्ये हॉक्सन येथे १९९२ मध्ये एक गृहस्थ शेतकऱ्याची हरवलेली हातोडी शोधत होते. त्यांना रोमन सोन्या-चांदीचा साठा लागला, त्यांनी पुढे खणणे थांबवले आणि कळवले. पुरातत्त्वज्ञांनी तो जागेवरच काढल्यामुळे १४,८६५ नाण्यांबरोबर पेटीच्या लाकडाच्या आणि बिजागऱ्यांच्या खुणाही मिळाल्या आणि आत काय कशाशेजारी रचले होते हे कळले. हातोडीही सापडली, आणि ती आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. सॉमरसेटमधील फ्रोमजवळ २०१० मध्ये एकाच मडक्यात ५२,५०३ रोमन नाणी मिळाली. तिथेही शोधकाने हात आवरला. मडके थरांनी रिकामे केले गेले आणि साठ्यातली सर्वांत उशिराची, कॅरॉसियस या ब्रिटनमध्ये सत्ता बळकावलेल्या रोमन सम्राटाची नाणी बहुतेक मडक्याच्या खालच्या भागात निघाली. म्हणजे ते मडके वर्षानुवर्षे थोडेथोडे भरत गेलेले नव्हते, ते एकाच वेळी भरले गेले होते. सगळी नाणी बादलीत ओतली असती तर हे कधीच कळले नसते.

रानवाट (केंट)

माझे मत थोडे वेगळे आहे आणि ते मी स्पष्टच मांडतो. मी नोंद काटेकोर ठेवतो, पण ती कोणालाही देत नाही. आठ अंकी जागा एकदा दुसऱ्याच्या संगणकावर गेली की ती रात्री चोरी करणाऱ्यांच्या हाती लागणार नाही याची हमी कोण देणार? शेतमालकाने माझ्यावर विश्वास ठेवला आहे, आणि त्याच्या पिकात रात्री माणसे शिरली तर जबाबदार मीच.

लेस्टरची लेक (लेस्टर)

रानवाट, तुमची काळजी शेतमालकाच्या बाजूची आहे आणि ती मला मान्य आहे. पण पीएएसच्या सार्वजनिक संकेतस्थळावर जागा एक किलोमीटरच्या चौकोनाहून बारीक दाखवत नाहीत आणि नाजूक ठिकाणे त्याहूनही झाकून ठेवतात. पूर्ण संदर्भ नोंदणीकृत अभ्यासकांनाच मिळतो. समाजमाध्यमावर शेताच्या फाटकासह छायाचित्र टाकणे त्याहून कितीतरी धोक्याचे आहे. फोनने काढलेल्या चित्रात जागेचे आकडे लपलेले असतात, तेव्हा चित्र कुठेही टाकण्याआधी ते काढून टाका.

नोंद स्वतःपुरती ठेवण्याबद्दल मला एक गोष्ट सांगायची आहे. मी इथल्या एका लहान संग्रहालयात स्वयंसेविका म्हणून काम करते. एका वृद्ध शोधकाच्या निधनानंतर त्यांच्या मुलीने बिस्किटांचे पत्र्याचे डबे आणून दिले. आत रोमन ब्रोच होते, त्यांपैकी एकावर निळ्या मीन्याचा कण अजून चमकत होता, मध्ययुगीन बकले होती, आणि प्रत्येक वस्तू कापसात हलक्या हाताने गुंडाळलेली होती. त्या माणसाने वस्तूंवर किती जीव लावला असेल हे त्या कापसाकडे पाहून कळत होते. एका डब्याच्या झाकणावर पेन्सिलीने ‘मोठे शेत, ओढ्याकडची बाजू’ एवढेच लिहिले होते. त्यांना ते शेत पुरेपूर माहीत होते. आता ते कोणालाच माहीत नाही, आणि त्या ब्रोचबद्दल ‘बहुधा याच काउंटीतला’ यापलीकडे आम्हाला काही लिहिता आले नाही. म्हणून नोंदीची एक प्रत घरातल्या माणसाला कळेल अशा जागी ठेवा आणि वस्तू व वही दोन्ही पुढे कोणाकडे जावीत हे लिहून ठेवा.

पीएएस साधारण १७०० पूर्वीच्या वस्तूंवर भर देते, त्यानंतरच्या निवडकच घेते. व्हिक्टोरियाकालीन गुंडी किंवा पहिल्या महायुद्धातला टोपीवरचा बिल्ला यांची जगातली एकमेव नोंद बहुतेक वेळा तुमचीच असणार.

साठवणीबद्दलही दोन शब्द. लोखंड हवाबंद डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवा आणि जेलचा रंग बदलला की ते वाळवून घ्या. शिसे ओकच्या कपाटात किंवा पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवू नका. लाकडातून सुटणाऱ्या आम्लाच्या वाफेने त्यावर पांढरी पूड धरते आणि वस्तू हळूहळू खाल्ली जाते. तांब्याच्या नाण्यावर फिकट हिरवे, पुडीसारखे ठिपके फुटू लागले तर ते लगेच वेगळे काढून कोरड्या जागी ठेवा आणि जाणकाराला दाखवा. लिंबू, चिंच, व्हिनेगर यांपैकी काहीही लावू नका. आपल्याकडे देवाची तांब्याची भांडी चिंचेने लखलखीत करण्याची सवय असते, ती इथे पूर्ण बाजूला ठेवावी लागते. पिशवीवरची शाई पुसट होते, म्हणून क्रमांकाची चिठ्ठी पेन्सिलीने लिहून आत वेगळ्या लहान पिशवीत घाला.

कातळकडा (पुणे)

हा धागा महाराष्ट्रातले अनेक जण वाचतील आणि काहींना लगेच डिटेक्टर मागवावासा वाटेल, म्हणून कायद्याची बाजू लिहितो.

आपल्याकडे १८७८ चा इंडियन ट्रेझर ट्रोव्ह ॲक्ट आजही लागू आहे. जमिनीत दडलेले १० रुपयांहून अधिक किमतीचे काहीही सापडले तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. न कळवणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. त्या सूचनेत काय लिहायचे हे कायद्यानेच सांगितले आहे: वस्तूचे स्वरूप आणि प्रमाण किंवा अंदाजे किंमत, सापडल्याची जागा आणि सापडल्याची तारीख. नांगरतास यांच्या तक्त्याचे मुख्य रकाने कायदा करणाऱ्यांनी १८७८ मध्येच लिहून ठेवले आहेत असे म्हणता येईल. याखेरीज संरक्षित स्मारकांच्या आणि स्थळांच्या हद्दीत परवान्याशिवाय खणण्याला १९५८ चा केंद्रीय आणि १९६० चा राज्याचा कायदा प्रतिबंध करतो, आणि १९७२ च्या कायद्यानुसार १०० वर्षांहून जुनी पुरावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही.

मी गडांवर फिरतो. गुप्तधनाच्या लोभाने खणलेले खड्डे मी जोत्यांत, टाक्यांच्या काठी आणि देवळांच्या गाभाऱ्यातही पाहिले आहेत. मनापासून वाईट वाटते. २०२५ मध्ये मराठा लष्करी भूप्रदेशाचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, त्यांपैकी ११ महाराष्ट्रात आहेत. तिथे डिटेक्टर घेऊन जाण्याचा विचारही कोणी करू नये.

शिवारफेरी (सातारा)

कातळकडा, एक शंका. शेतात नांगरताना शिवराई मिळाली तर? आमच्या भागात हे अधूनमधून घडते, आणि ती देव्हाऱ्यात जाते.

कातळकडा (पुणे)

जमिनीत मिळाले म्हटल्यावर किमतीची अट आणि सूचनेचे कर्तव्य लागू होते, म्हणून तहसील कार्यालयात विचारणे हा सरळ मार्ग. निदान त्या दिवशीच गट क्रमांक, शेताचा कोणता कोपरा, किती खोल, तारीख आणि फोनवरची जागा एका कागदावर लिहून छायाचित्र काढून ठेवा. एक शिवराई वाट चुकलेली असू शकते, पण त्याच कोपऱ्यात दहा मिळाल्या तर तिथे एखादा बाजार किंवा वाट असण्याची शक्यता अभ्यासकाला तपासता येते.

उत्तरध्रुव (एडिनबरा)

स्कॉटलंडमधल्या मराठी मंडळींसाठी एवढेच: इथे ट्रेझर ॲक्ट नाही. सापडलेली मालक नसलेली कोणतीही जुनी वस्तू, धातू कोणताही असो, राजसत्तेची मानली जाते आणि ती ट्रेझर ट्रोव्ह युनिटला कळवणे बंधनकारक आहे. आयर्लंडच्या प्रजासत्ताकात तर पुरावस्तू शोधण्यासाठी डिटेक्टर वापरायलाच आधी सरकारी संमती लागते. सीमा ओलांडताना जुन्या सवयीवर विसंबू नका.

नांगरतास (सफोक, इंग्लंड)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. तीन तक्ते तयार केले आहेत, पिशव्यांवर क्रमांक घालून ठेवले आहेत आणि दोन्ही शेतमालकांना त्यांच्या शेताची प्रत दर हंगामाच्या शेवटी देण्याचे ठरवले आहे. एका मालकांनी लगेच त्यांच्या आजोबांच्या वेळचा शेतांच्या नावांचा नकाशा आणून दाखवला, हा मला झालेला पहिलाच लाभ.

दोन गोष्टी विचारायच्या राहिल्या. आधी जमलेल्या, जागा न लिहिलेल्या वस्तूंचे काय करावे? आणि नमुना म्हणून एक पूर्ण ओळ खाली देत आहे, ती तपासून पाहावी.

‘क्रमांक २१२. फेरी ३१. पेनी, एडवर्ड पहिला, लंडन टाकसाळ. चांदी. व्यास १८ मिमी, डावी कड कातरलेली. दर्शनी बाजूवर समोर पाहणारा मुकुटधारी चेहरा, मागे लांब क्रूस आणि चार कोपऱ्यांत तीन-तीन ठिपके. खोली १५ सेंमी, नांगरटीचा थर. टीएम या ग्रिड अक्षरांच्या चौकोनातला आठ अंकी संदर्भ इथे मुद्दाम गाळला आहे. फोनने घेतला, अचूकता ४ मीटर. दोन छायाचित्रे.’

खापरखुणा (यॉर्क)

आधीच्या वस्तूंनाही क्रमांक द्या आणि जागेच्या रकान्यात तुम्हाला खात्रीने माहीत आहे तेवढेच लिहा. शेत नक्की असेल तर शेताचा मध्यबिंदू, अचूकतेत शेताच्या निम्म्या लांबीइतके मीटर, आणि जागा कशावरून या रकान्यात ‘स्मरणावरून’. दोन शेतांपैकी एक एवढेच आठवत असेल तर दोन्ही नावे लिहा, पण कोणता बिंदू टाकू नका. स्मरणावरच्या नोंदी आणि मोजलेल्या नोंदी नकाशावर वेगळ्या रंगांत दाखवा. आणि तुमच्या काउंटीच्या अधिकाऱ्याने वस्तू पाहून पीएएसचा क्रमांक दिला की तो तुमच्या ओळीत जोडा, म्हणजे दोन्ही नोंदी एकमेकींना सापडतील.

ओळ चांगली उतरली आहे. मी फक्त शेतमालकाशी ठरलेल्या वाटणीचा एक रकाना वाढवीन, कारण ट्रेझर नसलेली वस्तू वेगळा करार नसेल तर मुळात जमीनमालकाची असते.

टाकसाळ (नाशिक)

नांगरतास, ओळीत वजन राहिले आहे. कड कातरलेली आहे असे लिहिल्यावर तर ते हवेच. त्या काळच्या पूर्ण पेनीचे वजन सुमारे १.४ ग्रॅम असे, आणि तुमच्या नाण्यातून किती चांदी कातरून नेली हे फक्त काटा सांगेल. मागच्या बाजूची दिशाही लिहा. माती पूर्ण सुकल्यावरच वजन घ्या, आणि घासू नका.